पॉवर कुठून येते आणि तिचं बिल कोण भरतं

भिवंडीत 'पॉवर' म्हणजे वीज. सत्ता नव्हे, अंगातली ताकदही नव्हे. 'पॉवर आली का?', 'पॉवर कधी जाणार?', 'या महिन्यात पॉवरचं किती आलं?' हे प्रश्न इथे चहाइतके रोजचे. पॉवर गेली की गल्लीभरच्या मागांचा खडखडाट एका क्षणात थांबतो, धोटे जिथल्या तिथे राहतात, आणि कारखान्यातून बाहेर आलेले कारीगर बराच वेळ ओरडूनच बोलत राहतात, कारण कानांना शांततेची सवय नसते. अशा गावात वाढलेल्या मुलाने टीव्हीवर पहिल्यांदा 'सुपरपॉवर' हा शब्द ऐकला, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न आला: हिचा मीटर कुठे बसवलाय?

तो मुलगा मी. प्रश्न मी अजून सोडलेला नाही. शक्तिमानपासून स्पायडरमॅनपर्यंत आणि तात्या विंचूपासून अण्णा नाईकांपर्यंत जे जे पाहिलं, ते याच मापाने मोजलं. शक्ती आली कुठून, ती कुठल्या नियमाने चालते, आणि तिचं बिल कोण भरतं? याचं उत्तर देणारी गोष्ट मला धरून ठेवते, मग ती पन्नास हजारांत काढलेली असो की हजारो कोटींत.

पन्नास हजार ही रक्कम खरी आहे. मुंबईहून निघालेला जुना आग्रा रोड भिवंडीवरून पुढे जातो, कसारा घाट चढतो, नाशिक ओलांडतो आणि मालेगावात पोचतो. १८५७ नंतर उत्तरेकडचे विणकर याच रस्त्याने खाली उतरले. काही मालेगावात थांबले, काही भिवंडीपर्यंत आले. म्हणून ही दोन गावं मला एकाच ताण्याची दोन टोकं वाटतात. तेच माग, तीच कापसाची पांढरी भुकटी भुवयांवर बसलेली, तीच शुक्रवारची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी पडद्यासमोर तीच गर्दी. मालेगावात नासिर शेख यांचा व्हिडिओ पार्लर होता. दोन व्हीसीआर जोडून चित्रपटांचे तुकडे इकडचे तिकडे करता करता ते संकलन शिकले, आणि २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. खर्च साधारण पन्नास हजार. नट सगळे गावातले. गावाने तो डोक्यावर घेतला.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी सुपरमॅन करायचं ठरवलं. हा सगळा खटाटोप फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपला. तो २००८ साली पूर्ण झाला आणि २०१२ मध्ये आपल्याकडे थिएटरांत लागला. नासिर यांचा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, मागावर काम करणारा, काडीसारखा बारीक माणूस. अंगावरचा निळा पोशाख त्याला सैल होतो. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच नायकाचं लग्न लागतं, आणि तरीही काम थांबत नाही. हा सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून येणाऱ्या शत्रूंशी लढत नाही. तो लढतो तंबाखू आणि गुटख्याशी. ज्या गावात बारा तास उभं राहण्यासाठी माणूस गालात काहीतरी धरूनच ठेवतो, त्या गावासाठी याहून खरा खलनायक मला सुचत नाही.

माहितीपट थिएटरांत आला तेव्हा शफीक या जगात नव्हता. कर्करोगाने तो गेला होता. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला; वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटात शशांक अरोराने शफीक उभा केला आहे. शेवटाकडे तो उडतो, तेव्हा थिएटरात मला पडदा धूसर दिसत होता.

उडण्याची ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात कापड आहे आणि कापड हा आमचा विषय. माणूस उडतोय असं दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे एका सपाट रंगाच्या कापडासमोर त्याला आडवा धरायचा, चित्र घ्यायचं, आणि नंतर तेवढाच रंग पुसून त्या जागी आकाश भरायचं. याला क्रोमा म्हणतात. फिल्मच्या काळात हे कापड बहुधा निळं असे, कारण माणसाच्या कातडीत निळा रंग सगळ्यात कमी असतो. डिजिटल कॅमेरे आले आणि हिरवं कापड चालू झालं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मोजणारे ठिपके असतात. त्यांतले निम्मे एकट्या हिरव्याचे. त्यामुळे हिरव्याची कड जास्त स्वच्छ कापता येते. मालेगावात त्यांनीही हिरवं कापडच ताणलं. सुपरमॅनचा पोशाख निळा, म्हणून निळं कापड तसंही चाललं नसतं. माणसाचं धड आकाशात विरून गेलं असतं आणि नुसतं डोकं उडताना दिसलं असतं.

हीच अडचण १९७८ साली हॉलिवूडलाही आली होती. ख्रिस्तोफर रीव्हच्या 'सुपरमॅन'साठी पोशाखाच्या निळ्या छटेत फेरफार करावे लागले, आणि उड्डाणासाठी झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने वेगळी युक्ती काढली. त्याने कॅमेरा आणि मागचं दृश्य फेकणारा प्रोजेक्टर या दोघांच्या झूम भिंगांना एकत्र बांधलं. दोन्ही एकाच वेळी सारख्याच प्रमाणात जवळ येत, त्यामुळे मागचं आकाश चौकटीत तेवढंच राही आणि मध्ये जागच्या जागी टांगलेला नट मात्र आपल्या अंगावर झेपावतोय असं वाटे. त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी खास ऑस्कर मिळालं. हे वाचल्यावर मी मालेगावचं उड्डाण पुन्हा पाहिलं. कड फाटलेली दिसते, पोशाख हलतो. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता आणि दोन्हीकडे माणसांनी डोकं चालवून तो सोडवला होता. माझ्यासाठी दोघं एकाच पंक्तीत बसतात.

मुळात सुपरमॅनला उडताही येत नव्हतं. जेरी सिगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या दोन तरुणांनी रचलेला हा नायक १९३८ साली पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा तो फक्त लांब उडी मारू शकत होता: एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. १९४१ मध्ये त्याचे कार्टूनपट निघाले, तेव्हा दर वेळी उडी, जमीन, पुन्हा उडी हे पडद्यावर बेंगरूळ दिसू लागलं, आणि त्याला सरळ उडवायचं ठरलं. मागे फडफडणारा तो लाल कपडाही कामासाठीच होता. कागदावरच्या स्थिर चित्रात वेग दिसावा म्हणून शूस्टरने तो काढला. कापड हललं की माणूस हलतोय असं डोळ्याला वाटतं.

आणि त्याचं बिल? सिगल आणि शूस्टरने सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरना विकले. पुढे त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या, खेळणी निघाली, चित्रपट निघाले, आणि हे दोघे कोर्टाचे उंबरे झिजवत राहिले. १९७५ मध्ये, रीव्हचा चित्रपट येऊ घातलेला असताना आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर, त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर पेन्शन मिळालं आणि निर्माते म्हणून त्यांचं नाव पुन्हा छापलं जाऊ लागलं. मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसांच्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कापड कुणाच्या तरी हाताने विणलं जातं आणि ताग्यावर नाव दुसऱ्याचंच पडतं.

आता आवडीनिवडीचं बोलतो. आजवर पाहिलेल्या सुपरहिरो चित्रपटांत मी सॅम रेमीच्या २००४ सालच्या 'स्पायडर-मॅन २'ला सगळ्यात वर ठेवतो. त्यातला पीटर पार्कर पिझ्झा पोचवायला उशीर करतो आणि नोकरी गमावतो, घरभाडं थकवतो, काकूचं घर जाताना पाहतो. जगाला वाचवणं हा त्याचा बिनपगारी ओव्हरटाइम आहे आणि त्यापायी रोजची पाळी बुडते. चालू रेल्वे थांबवून तो बेशुद्ध पडतो, डब्यातली माणसं त्याला हातांवर झेलतात, त्याचा उघडा चेहरा पाहतात आणि गप्प राहायचं ठरवतात. बिल त्या डब्याने वाटून घेतलं, असं मला त्या प्रसंगी वाटतं.

बेसिल जोसेफचा मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) त्याच्या अगदी खालोखाल. नायक जेसन शिंपी आहे. शिंप्याला वीज लागते आणि शक्ती मिळते, इथेच तो मला आमच्या गावाजवळचा झाला. पण त्या चित्रपटाचा प्राण आहे शिबू. तीच वीज, त्याच रात्री, त्याच गावात त्यालाही लागते. फरक एवढाच की गावाने जेसनला आपला म्हटलं आणि शिबूला आयुष्यभर हाकललं. त्याने एका बाईची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. शक्ती सारखीच असताना एक नायक आणि एक खलनायक का होतो, हे मला कुठल्याही मोठ्या चित्रपटाने इतक्या नीट सांगितलं नाही.

मार्व्हलवर माझं प्रेम होतं. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून २०१९ च्या 'एंडगेम'पर्यंत एक लांब हिशेब मांडला गेला आणि आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्कने तो स्वतःच्या जिवाने मिटवला. त्यानंतर अनेक विश्वांचं प्रकरण सुरू झालं. इथे मेलेला तिकडच्या विश्वातून परत आणता येतो म्हटल्यावर मरणाची किंमतच उरली नाही, आणि तिथे माझं मन उडालं. मराठीत श्रेयस तळपदेचा 'बाजी' २०१५ मध्ये आला. श्रीरंगपूर नावाचं गाव, घोडा, मुखवटा अशी त्याची मांडणी होती. तो फार चालला नाही, पण मराठी मातीतला मुखवट्याचा नायक करून पाहण्याचं धाडस निखिल महाजन यांनी केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

भुतांकडे वळलो की आपली तिजोरी सुपरहिरोंपेक्षा कितीतरी भरलेली सापडते. आपल्या लोकसमजुतीतलं प्रत्येक भूत नाव, पत्ता आणि कारण घेऊन येतं. मुंज झाल्यावर पण लग्नाआधी मेलेला मुलगा म्हणजे मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे अळवंत. वारस नसताना, जीव धनात अडकवून गेलेला तो समंध. बुडून मेलेला गिऱ्हा, तो पाण्यातच राहतो. रात्रीच्या वाटसरूला त्याच त्या जागी फिरवत ठेवणारा चकवा. ही यादी नीट वाचली तर ती घाबरवत नाही, ती हळहळायला लावते. कुठल्या समाजात कुणाचं काय राहून गेलं याची ती नोंदवही आहे. बाळंतपणात इतक्या बाया मरत होत्या की त्यांच्यासाठी वेगळं नाव लागलं. बापाला वारस हवाच, हा धाक इतका मोठा होता की निपुत्रिक माणूस मेल्यावरही सुटत नाही असं मानलं गेलं. भूत म्हणजे न फिटलेलं देणं.

म्हणूनच आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४) लोकांना भिडला. तो मुलगा भीतिदायक आहे, पण त्याला लग्न हवंय, एवढं साधं त्याचं मागणं. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) तर नियमांची शाळाच आहे. त्यातला शापित देव हस्तर पिठाला भुलतो, पिठाच्या रिंगणाच्या आत येत नाही, आणि कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकेपर्यंतच त्याच्या कमरेची मोहर ओढता येते. नियम इतके स्पष्ट आहेत की एक बाहुली जास्त नेली तर काय होईल ही कल्पनाच प्रेक्षकाच्या पोटात गोळा आणते. पहिल्या खेपेला तो थिएटरांत फार टिकला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा त्याने आधीपेक्षा जास्त कमाई केली. लोभाचं बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडलं जातं, हे त्यात शब्दांत कुठेच सांगितलेलं नाही. ते दिसतं.

नियमाचं महत्त्व आमच्या पिढीला खरं म्हणजे महेश कोठारे यांनी १९९३ सालीच 'झपाटलेला'तून शिकवलं होतं. तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात अडकतो, आणि त्याने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच माणसाच्या शरीरात तो शिरू शकतो. तो माणूस लक्ष्या. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी. मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटाची असली तरी हा नियम आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ होता, आणि कुणी कानात गुपित सांगायला आला की आम्ही पळत सुटायचो.

टीव्हीवरच्या भुतांचं गणित निराळं. चित्रपटाला अडीच तासांत हिशेब मिटवता येतो. मालिकेला तो रोज थोडा थोडा थकवावा लागतो. इथेच बहुतेक मालिका बुडतात. अमेरिकेतली 'सुपरनॅचरल' २००५ ते २०२० अशी पंधरा सीझन चालली, एकूण ३२७ भाग. सॅम आणि डीन हे दोन भाऊ १९६७ सालची जुनी शेव्हरोले गाडी घेऊन गावोगाव भुतं शोधत फिरतात. पहिल्याच सीझनमध्ये त्यांनी दारात मिठाची रेघ ओढली की भूत आत येत नाही हे दाखवलं, आणि मी ताडकन उठून बसलो. आमच्या घरात आई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. सात समुद्रांपलीकडच्या माणसांनाही मिठाचाच भरवसा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं. मीठ नासू देत नाही, कुजणं थांबवतं. मासळी टिकवायची तर मीठच लागतं. जे कुजणं थांबवतं ते वाईटालाही थांबवेल, असा विचार निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी केला असावा, हे मला पटतं.

त्या मालिकेचा निर्माता एरिक क्रिपकी याने कथा पाच सीझनची आखली होती. भावाला जिवंत करण्यासाठी डीन आपला आत्मा गहाण टाकतो, त्याला वर्षाची मुदत मिळते, आणि वर्ष संपल्यावर तो खरोखरच नरकात जातो. वसुली झाली! पाचव्या सीझनच्या शेवटी सॅम जगासाठी स्वतःला गाडून घेतो. तिथपर्यंत ही मालिका मला कुठल्याही अभिजात शोकांतिकेच्या तोडीची वाटते. पुढची दहा वर्षं दोघे भाऊ मरत राहिले आणि परत येत राहिले, आणि उधारी माफ होत गेली. मी शेवटपर्यंत पाहिली, कारण त्या दोघांवर जीव होता.

मराठीत हा तोल सगळ्यात चांगला सांभाळला तो झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले'ने. २०१६ मध्ये ती सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, मालवणी बोली, दुपारीही अंधारं वाटणारं माजघर. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, अशा तक्रारी तेव्हा झाल्या. तो आक्षेप मी हलका मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतरच राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं त्या कायद्याने गुन्हा आहे. पडद्यावरच्या भुतावर माझं प्रेम आहे ते याच अटीवर, की त्याने पडद्यातच राहावं. पण मालिकेची बाजू सांगायची तर २०१९ चा दुसरा भाग पाहावा. तो मागे जातो, अण्णा जिवंत असतानाच्या काळात, आणि माधव अभ्यंकरांनी रंगवलेला हा माणूस कसा लुटतो, कसा छळतो, कुणाकुणाचं आयुष्य मोडतो हे सावकाश दाखवतो. तिथे कळतं की वाड्यातल्या भुतांना जन्म कुणी दिला. भूत होण्याआधी त्या माणसांवर झालेला अन्याय इतका खरा आहे की रात्री अंगावर काटा येतो तो त्याचा.

सरपोतदारांचाच 'झोंबिवली' (२०२२) मला याच कारणाने आपला वाटतो. डोंबिवली म्हणजे खाडीच्या पलीकडची. माणकोलीहून आता थेट पूल झालाय. त्यात एकीकडे टोलेजंग संकुल आहे, शेजारी वस्ती आहे, आणि माणसांना झोंबी करणाऱ्या संकटाचं मूळ पाण्याच्या धंद्यात आहे. नळाला पाणी कुणाच्या येतं आणि कुणाच्या नाही, हा ठाणे जिल्ह्यातला रोजचा प्रश्न तिथे दात काढून उभा राहतो.

भिवंडीची स्वतःची अशी गोष्ट मात्र अजून कुणी केलेली नाही. सामान भरपूर आहे. तालुक्यातच वज्रेश्वरी आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेआधी जिला नवस केला ती देवी. अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं म्हणजे तिने मारलेल्या दैत्यांचं रक्त, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्र सांगतं की कोकणपट्टीत जमिनीला खोल भेगा आहेत, त्यांतून पाणी आत जातं, तापतं आणि वर येतं. मला दोन्ही हवंय, कारण त्या पाण्यात पाय सोडून बसल्यावर दोन्ही खरं वाटतं. शहराच्या अंगाला कामवारी नदी आहे. एके काळी तिथेही गिऱ्हा असणार.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. पस्तीसहून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. मी आपली जुनी यादी तेव्हा मनात पुन्हा वाचली: मुंजा, अळवंत, समंध, गिऱ्हा. पडणाऱ्या घराखाली मेलेल्या माणसासाठी तिच्यात नाव नाही. बारा तासांच्या पाळीनंतर अंथरुणावर पडलेला आणि पुन्हा न उठलेला कारीगर, पोटासाठी हजारो किलोमीटर लांबून आलेला, ज्याच्या गावी बातमी उशिरा पोचली. तो कुठल्या झाडावर राहील? इथे पिंपळ फार उरले नाहीत. बहुधा तो मागापाशीच येईल, रात्रपाळीत, आणि पॉवर गेलेली असताना एखादा माग आपोआप चालू होईल. मुकादम मीटर बघायला जाईल. ती मालिका कुणी लिहिली, तर पहिल्या भागापासून मी टीव्हीसमोर बसलेला असेन.